सुट्टे पैसे

दाभोळच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या खिडकीत
एकवीस वर्षं तिकिटं फाडली मी
आणि एकवीस वर्षं सुट्ट्यांची बोंब.
लोक रुपयाऐवजी लिमलेटची गोळी देतात.
मी गोष्ट द्यायचो.
खरी. कुठेतरी छापून आलेली,
तारखेसकट वहीत उतरवलेली.

"रुपया राहिला, भुवड."
"राहू द्या चाचा, युद्ध घ्या."
पारकारचाचांचा आजा गलबतावर खलाशी,
वारं धरून झांझिबारला जायचा,
म्हणून त्यांना मी झांझिबारच काढून ठेवलेलं:
अठराशे शहाण्णव, सत्तावीस ऑगस्ट,
सकाळी नऊला तोफा, अडतीस मिनिटांत युद्ध खलास.
(कुणी पंचेचाळीस म्हणतं. मी अडतीस धरून आहे.)
चाचा धोपाव्याच्या काठाकडे बघत हिशेब करायचे,
"म्हणजे आपली बोट दोनदा जाऊन येते न येते
तेवढ्यात सुलतान पळाला?"
"पळाला. जर्मनांच्या वकिलातीत."
"आजा कधी बोलला नाय,"
जणू आजानं ते मुद्दाम पेटीत दडवलं होतं.

शिमग्यात पालखी नाचवून
खांदे सुजलेली पोरं आली,
त्यांना पंधराशे अठरा साल दिलं.
स्ट्रासबर्ग शहरात एक बाई भर रस्त्यात नाचायला लागली,
थांबेचना, मग तिच्यामागून माणसंच माणसं,
दिवसचे दिवस,
आणि कारभाऱ्यांनी उपाय काय केला,
तर वाजंत्री लावली.
पोरं जरा गप्प. मग एक म्हणाला,
"ढोलवाल्यांचे पैसे कुणी दिले?"
ते वहीत नव्हतं.

मासळीच्या टेम्पोवाल्या शिरधनकरला बर्फ, अर्थात.
बोस्टनकडच्या तळ्यांतला, करवतीनं कापलेला,
लाकडाच्या भुशात निजवून चार महिने शिडाच्या जहाजातून
मुंबईला उतरवलेला, आगगाडी यायच्याही आधी.
त्यानं वळून आपल्या टेम्पोखालची धार पाहिली.
"माझा चिपळूणला पोचत नाही," म्हणाला,
आणि तिकीट न घेताच बोटीवर चढला.

वेणू पावसेला तेच बोस्टन पुन्हा दिलं,
दुसऱ्या खिशातलं.
एकोणीसशे एकोणीस, जानेवारी.
काकवीची टाकी फुटली, भली थोरली,
अर्ध्या माडाएवढी लाट रस्त्यातून,
घोडे गेले, घरं गेली, एकवीस माणसं गेली.
गोडात.
सगळे विचारतात किती उंच, किती वेगानं.
वेणूनं पाटी खाली ठेवली.
"मंग वास कधी गेला?"
"नाही गेला. कित्येक वर्षं, ऊन तापलं
की यायचा, म्हणतात."
"हां," म्हणाली,
ओळखीच्या घराचा पत्ता कुणी बरोबर सांगावा तशी.

आता खिडकीला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा कागद.
मोबाइल दाखवायचा, टिंग वाजतं,
कुणाचं कुणाकडे काही राहत नाही.
चाचा तेवढे पन्नासची नोट काढतात,
फोन खिशात असून.
वही गल्ल्याखाली, कोपरे खाऱ्या हवेनं फुगलेले.

परवा वेणू उतरताना थांबली.
मागे मोटारसायकली हॉर्न देत होत्या.
"लिव," म्हणाली.
"एकोणनव्वद. नारळी पुनव होऊन आठ दिस.
बोट आली, माणसं नाय आली.
टोपात भात, वर झाकण,
झाकणावर सुका बांगडा ठेवलेला, चौघांपुरता."
"कुठं छापून आलं होतं?" माझ्या तोंडून गेलं,
सवयीनं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पाटी डोक्यावर घेतली
आणि रॅम्पच्या ओल्या उतारावरून पाय जपत गेली.

मी वही काढली. तारीख विचारायची राहिली होती.
बोट सुटायची शिट्टी झाली तेव्हा
कागदावर एकच शब्द होता, भात,
आणि रांगेतलं कुणीतरी
नोट पुढे करून म्हणत होतं,
सुट्टे आहेत का.